उपरी आणि त्याचा कौल

पटवर्धनांच्या तासगांव प्रांतांत, किंबहुना सर्व मराठी मुलखांत, शेत कसणारांचे दोन वर्ग असत. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. सारा भरी तोंवर त्यास कोणी काढीत नसे. उपरी परगांवाहून आलेला. त्याचे हातीं मुदतीचा कौल तेवढा. मुदत सरतां जमीन दुसऱ्यास जाण्याचें भय कायम. एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत हा भेद नोंदिला आहे.

मात्र ओसाड गांव वसविण्यास उपरीच लागे. म्हणून इस्ताव्याच्या कौलानें पहिल्या वर्षीं अल्प व पुढें चढता सारा ठरवून सरकार त्यास अभय देई. मिरासपत्रें घराण्यांनीं जपलीं. मुदत संपलेला कौल कोण जपणार? संग्राहकांनीं असे फाटके कागद रद्दींत टाकूं नयेत.

कागदावर टांगलेलें हें जिणें आमच्या काळींहि दिसलें. जुलै १९९८ मध्यें मुंबईंतील बंगाली बोलणाऱ्या जरीकामगारांस बांगलादेशी ठरवून आगगाडीनें सीमेकडे नेत असतां उलुबेरिया येथें जमावानें त्यांस सोडविलें. कित्येकांचें म्हणणें, आम्ही पश्चिम बंगालचे. शिधापत्रिका दाखविल्या, त्या मानल्या नाहींत. उपऱ्याचा कौल निदान मुदतीपर्यंत तरी देणाऱ्यावर बंधनकारक समजला जाई.