धारपांची पुस्तकं आणि आपली बॅच

२७ ऑगस्ट २०२५ रोजी नारायण धारपांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी आपल्या दहावीलाही तीस वर्षं झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले आणि विषय ठरून गेला. आपल्या वर्गात क्रिकेटवरून दोन तट होते, हिंदी सिनेमावरून चार होते. पण धारपांच्या बाबतीत सगळा वर्ग एका बाजूला होता. हे वेड कुठून आलं, आपल्यापर्यंत कसं पोहोचलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे जमेल तसं मांडते. मी मराठीची अभ्यासक नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाईंनी शुद्धलेखन सांभाळून घ्यावं.

अद्भुताची आवड मराठी वाचकाला नवी नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ सालची, म्हणजे मराठी कादंबरी नुकती कुठे चालायला लागली होती तेव्हाची. विसाव्या शतकात बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार, धनंजय आणि काळा पहाड यांना घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि ज्यांच्या घरात पुस्तक येत नव्हतं त्यांनाही वाचायला लावलं. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘नवल’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांनी गूढकथेला जागा दिली. रत्नाकर मतकरींनी ती फार वरच्या पातळीवर नेली. भुतं तर आपल्याकडे आधीपासूनच होती. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, वाट चुकवणारा चकवा, खवीस, वेताळ, समंध. प्रत्येकाची जागा ठरलेली, कारण ठरलेलं आणि उतारा ठरलेला. आजीला ही सगळी यादी पाठ असायची.

धारपांनी ही यादी बाजूला ठेवली. ते पुण्याचे. मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. (टेक.), म्हणजे शिक्षण तंत्रज्ञानाचं. ते त्यांच्या लिखाणात जाणवतं. त्यांच्या गोष्टीतला माणूस बहुतेक वेळा आपल्यासारखाच असतो, नोकरी करणारा, हिशेबी, भुताखेतांवर विश्वास नसलेला. त्याला एखादं घर वारशाने मिळतं किंवा स्वस्तात भाड्याने मिळतं. पहिल्या दिवशी फक्त एक वास येतो. दुसऱ्या दिवशी एक खोली जरा जास्त गार वाटते. तो माणूस नोंद ठेवतो, कारण शोधतो, साधी स्पष्टीकरणं एकेक करून खोडतो आणि शेवटी जे उरतं त्याला नाव नसतं. आमच्या धंद्यात बिघाड शोधण्याची रीत हीच आहे. फरक एवढाच की आमचा बिघाड सहसा रात्री जिना चढून वर येत नाही.

धारपांचं संकट पिंपळावरच्या मुंजासारखं स्थानिक नसतं. ते माणसाच्या काळाच्या आणि जागेच्या पलीकडून येतं. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथांची सावली इथे दिसते. पण त्या संकटासमोर धारप जो माणूस उभा करतात तो आपल्या मातीतला असतो. ‘समर्थ’ आठवा. आरडाओरडा नाही, लिंबू-मिरची नाही, भगवे कपडे घालून केलेला तमाशा नाही. शांत बोलणारा, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा, साधनेच्या आणि मनाच्या बळावर उभा राहणारा गृहस्थ. कृष्णचंद्र, जयदेव हेही त्यांचे नायक. पण आपल्या वर्गात मान होता तो समर्थांचा. धारपांनी शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांत विज्ञानकथाही आहेत, सामाजिक कादंबऱ्याही आहेत. वाचक मात्र त्यांना भयकथांसाठीच ओळखत राहिले.

ही पुस्तकं आपण विकत घेत नव्हतो. घरी पुस्तकांसाठी पैसे निघायचे ते पाठ्यपुस्तकं आणि गाईडपुरतेच. आपला आधार होता बाजारपेठेतल्या वाचनालयाचा. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. धारपांची पुस्तकं लगेच ओळखू यायची, कारण त्यांचीच बांधणी सगळ्यांत जास्त वेळा केलेली असायची. कोपरे मऊ झालेले, मधली पानं डिंकाने चिकटवलेली आणि समासात पेन्सिलीने आधीच्या वाचकांचे शेरे: ‘रात्री वाचू नये’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘भित्रट’. शेवटची दोन पानं गायब असतील तर ज्याने आधी वाचलं असेल त्याला गाठून शेवट विचारून घ्यावा लागे. अशा चौकशीतूनच आठवीपासून वर्गात एक साखळी तयार झाली. एका घरी पुस्तक आलं की परत करायच्या तारखेच्या आत ते चार घरं फिरून येई. मुलं आणि मुली एकमेकांशी फारसं बोलायच्या नाहीत, असे ते दिवस. पण ‘लुचाई’ कोणाकडे आहे, हे विचारायला कोणाचीच हरकत नसे.

तेव्हा स्पर्धाही सुरू झाली होती. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ आला. आपण दहावी झालो त्या १९९५ सालीच ‘आहट’ सुरू झालं. ते आपण सगळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यावर हसलोही. धारपांवर मात्र कोणी हसलं नाही. पडद्यावर भूत दिसलं की भीती संपते. धारप ते दाखवायला पाचव्या-सहाव्या प्रकरणापर्यंत थांबायचे आणि तोपर्यंत भूत आपणच तयार केलेलं असायचं.

आता जरा अवघड भागाकडे येते. इंजिनिअरिंगला गेल्यावर आपल्यातल्या अनेकांच्या हाती स्टीफन किंग पडला. हॉस्टेलवर कोणाकडे तरी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून आणलेलं ‘सालेम्स लॉट’ असायचं. ते वाचताना पन्नासाव्या पानाच्या आसपास ओळख पटायची. ही तर आपली ‘लुचाई’. ‘इट’ वाचताना ‘शपथ’ आठवायची. ‘ग्रॅमा’ ही कथा वाचताना ‘आजी’. मागच्या भेटीत जेवणानंतर यावरून आपल्यात चांगलीच जुंपली होती. एकाचं म्हणणं, ही सरळ उचल आहे आणि आपण लहानपणी फसवले गेलो. दुसरीचं म्हणणं, तिला किंगची कुठलीच गोष्ट ‘लुचाई’एवढी लागली नाही, मग खरा लेखक कोण?

मला वाटतं, दोघांचंही म्हणणं इतिहासाला धरून तपासायला हवं. रूपांतर ही मराठीची जुनी वहिवाट आहे. देवलांचं ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आलं. ‘संशयकल्लोळ’ची मुळं इंग्रजीमार्गे थेट फ्रान्सच्या मोलिएरपर्यंत जातात. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घडली आणि १९७५ साली रंगमंचावर आली. किंगचं ‘सालेम्स लॉट’ त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. ‘फुलराणी’ला कोणी उचल म्हणत नाही. एक तर शॉचं नाव कोणापासून लपलेलं नव्हतं. दुसरं म्हणजे, भाषेचा जो मुद्दा शॉने मांडला तो पु. लं.नी मराठीतल्या शुद्ध-अशुद्धाच्या भांडणात नेऊन रुजवला. धारपांना पहिली कसोटी लावली तर आपलं समाधान होत नाही. आपण शाळेत होतो तेव्हा आपल्यातल्या एकालाही किंगचं नाव ठाऊक नव्हतं. मूळ लेखकाचं नाव वाचकाला ठळक कळायलाच हवं. कोणाच्याही प्रेमापोटी हे सोडता येणार नाही. मी रोज दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वापरते. तो वापरायला मुभा असते, पण मूळ कर्त्याचं नाव खोडायला नसते.

दुसऱ्या कसोटीवर मात्र धारप उतरतात. ‘सालेम्स लॉट’चं बीजही पूर्णपणे किंगचं नाही. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ सालचा. शाळेत शिक्षक असताना तो मुलांना शिकवत असलेल्या किंगला प्रश्न पडला की हा ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात आला तर काय होईल. धारपांनी हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या गावासाठी विचारला. आपल्याकडे चर्च नाही, क्रूस नाही, पाद्री नाही. मग त्या संकटापुढे उभं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर भाषांतर करून मिळत नाही, ते नव्यानेच लिहावं लागतं. आपण घाबरलो ते त्या उत्तरामुळे, कारण गाव आपलं होतं, घरं आपली होती आणि संध्याकाळी दार लावून घेणारी माणसंही आपलीच होती.

पुढे या गोष्टींचा प्रवास आणखी वळणं घेत गेला. १८ ऑगस्ट २००८ रोजी धारप गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची गोष्ट एका मित्राच्या तोंडून ऐकली होती ती १९९३ साली, नागझिऱ्याच्या जंगलात. म्हणजे आपण मधल्या सुट्टीत एकमेकांना शेवट सांगत होतो त्याच सुमारास. सिनेमातली ती साखळीने बांधलेली म्हातारी ‘आजी’तून आली, तर ‘तुंबाड’ हे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. २०२४ साली सिनेमा पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लेखकाची कथा पुण्याला आली, तिथून जंगलातल्या शेकोटीला गेली आणि पडद्यावर पावसात भिजत कोकणात उतरली. गोष्टी अशाच जगतात.

पुस्तकांचं काय? साकेत प्रकाशनाने धारपांची बरीच पुस्तकं नव्या वेष्टनात आणली आहेत. कानाने ऐकायच्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. पण आपल्या बाजारपेठेतलं वाचनालय बंद झालं आणि तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आपली निम्मी बॅच परगावी आणि परदेशी आहे. आपल्या मुलांपैकी कित्येकांना मराठी नीट कळतं, पण वाचता येत नाही. माझ्या मुलीला मी ‘शपथ’ रोज रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ऑफिसचं काम वाढलं आणि वाचन थांबलं, तेव्हा तिने अक्षरं जुळवत पुढची चार पानं स्वतःच वाचली. मराठीच्या शिकवणीने दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते त्या चार पानांनी केलं.

‘इट’मधले बालमित्र शपथ घेऊन सत्तावीस वर्षांनी आपल्या गावात परत येतात. आपण तीस वर्षांनी येतोय आणि आपल्यापुढे कुठलंही अमानवी संकट नाही, चहा आणि बटाटेवडे आहेत. तरी एक छोटी शपथ घेऊ. येताना प्रत्येकाने धारपांचं एक पुस्तक आणावं, जुनं असेल तर उत्तमच. शाळेच्या ग्रंथालयात एक फळी त्यासाठी मोकळी करून द्यावी, अशी सरांना विनंती आहे. ज्या पुस्तकांमागे किंगच्या गोष्टी आहेत, त्यांच्या पहिल्या पानावर तसं आपण आपल्या हाताने लिहून ठेवू. समास कोरे सोडू. आठवीतल्या कोणाला तरी ‘भित्रट’ लिहायला जागा हवीच.