शिशाचा रंग, वेदनाशामक गोळ्या आणि ओहायोचा कायदा

गटाराचे पाणी रस्त्यावर सोडणे, वस्तीत धूर करणे याला कायदा ‘सार्वजनिक उपद्रव’ म्हणतो. त्यात नुकसान एकाचे नसते, सगळ्या वस्तीचे असते. मग बाजारात विकलेल्या मालाने आजार पसरवला, तर तोही उपद्रव धरायचा का? अमेरिकेत हा वाद बरीच वर्षे चालू आहे.

पहिले उदाहरण शिशाचे. घरांच्या रंगातील शिशावर तिथे 1978 साली बंदी आली, पण जुन्या भिंती तशाच राहिल्या. रंगाचे पोपडे आणि धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. शिशामुळे मेंदूची वाढ खुंटते, बुद्ध्यांक कमी होतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

कोणत्या घराला कोणत्या कंपनीचा रंग होता, हे इतक्या वर्षांनी कसे सिद्ध करणार? म्हणून रोड आयलंड राज्याने ‘उपद्रवा’चा दावा लावला. 2006 मध्ये ज्यूरीने तीन कंपन्यांना जबाबदार धरले; 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

त्याच सुमारास ओहायोतील काही शहरांनीही असेच दावे केले. तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला. 2005 आणि 2007 च्या दुरुस्त्यांनी मालाविषयीचे असे दावे उत्पादन दायित्व कायद्याखाली आणून जुनी वाट बंद केली.

याचा परिणाम पुढे दिसला तो अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांच्या खटल्यात. लेक आणि ट्रम्बुल या काउंट्यांत व्यसनाने कहर केला होता. 2021 मध्ये ज्यूरीने औषध दुकानांच्या तीन मोठ्या साखळ्यांना जबाबदार ठरवले. 2022 मध्ये न्यायाधीशांनी सुमारे 65 कोटी डॉलर भरायला सांगितले. मात्र हा कायदा असे दावे रोखतो, असे डिसेंबर 2024 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

उद्योगांचे म्हणणे असे, की माल विकल्यानंतर तो आपल्या ताब्यात नसतो. जबाबदारीला कुठेतरी सीमा हवी. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण दावा अडला म्हणून आजार थांबत नाही. उपचारांचा खर्च मग रुग्णाचे कुटुंब आणि करदाते उचलतात.

आपल्याकडे 2016 च्या नियमांनी घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम ठरवली. जुन्या भिंतींवर मात्र आधीचा रंग असू शकतो. म्हणून घर रंगवताना तो कोरडा घासू देऊ नका, ओला करून खरवडायला सांगा. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तेवढे दिवस दूर ठेवा.