एड्सवरचं औषध आणि औषधाची बातमी

एड्सवर औषध सापडलं, ही बातमी मी आजवर किमान सहा वेळा वाचली आहे. शेवटची अलीकडचीच. वर्षातून दोन इंजेक्शनं घेतली की एड्सचा धोका संपतो, असा मजकूर आमच्या नवी मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होता. कुणी खाली ‘सुब्हानल्लाह’ लिहिलं, कुणी हात जोडले. एका सद्‌गृहस्थांनी लिहिलं की आता लोक आणखी बिघडतील, भीतीच राहिली नाही तर धरबंध कसला. मजकूर अर्धाच खरा होता. मला मात्र औषधापेक्षा या तीन प्रतिक्रियांचंच जास्त वाटलं, कारण गेली तीसेक वर्षं त्याच तीन प्रतिक्रिया मी ऐकत आलो आहे. म्हणून आज औषधाच्या इतिहासाबरोबर औषधाच्या बातमीचाही थोडा इतिहास लिहितो.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली ती १९८६ मध्ये, मद्रासला. शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्याच मराठी घरातल्या. आणि रक्ताचे नमुने गोळा करत हिंडणारी त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्णही नोंदला गेला. पुढची काही वर्षं औषधाचं नाव कुणी काढत नव्हतं, पकडापकडीच चालली होती. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तात विषाणू सापडला म्हणून पोलिसांनी उचललं आणि चौसष्ट दिवस डांबून ठेवलं. कायदाच तसा होता.

अमेरिकेत मात्र १९८७ च्या मार्चमध्ये एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन, या औषधाला परवानगी मिळाली होती. वर्षाचा खर्च आठ-दहा हजार डॉलर. आपल्याकडे ही बातमी परदेशी नवलाईसारखी वाचली गेली आणि विसरली गेली.

इथे मुंबईची सिप्ला येते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी ती १९३५ मध्ये काढली. ते अलीगढचे, रसायनशास्त्र जर्मनीत शिकलेले, गांधीजींना मानणारे. गांधीजींनी ४ जुलै १९३९ रोजी त्यांच्या कारखान्याला भेट दिली होती. बर्लिनमध्ये भेटलेल्या लिथुआनियाच्या एका ज्यू तरुणीशी त्यांनी लग्न केलं, आणि त्यांचा मुलगा युसूफ हमीद १९३६ मध्ये व्हिल्नियसला जन्मला. आपल्या लोकांना हमीदांचं नाव अभिमानानं घ्यायला आवडतं, मलाही आवडतं. पण मुसलमान बाप, ज्यू आई, केंब्रिजचं शिक्षण आणि मुंबईचा कारखाना असा हा माणूस आहे. त्याला एकाच खुंटीवर टांगू नये.

हैदराबादच्या सरकारी रसायन संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी बनवण्याची रीत बसवली आणि सिप्लानं १९९३ मध्ये ते औषध बाजारात आणलं. दिवसाचा खर्च दोन डॉलरच्या आत, परदेशातल्या किमतीच्या मानानं अगदी थोडा. हे जमलं ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यानं औषधावर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. दुसऱ्या रीतीनं तेच औषध बनवायला मुभा होती. आता लोकांनी उड्या टाकायला हव्या होत्या, नाही का? सरकारचं म्हणणं पडलं की आमच्याकडे पैसा आहे तो प्रतिबंधासाठी, उपचारांसाठी नाही. बाजारात दिवसाचे दोन डॉलर देणारेही थोडेच. सुमारे दोन लाख कॅप्सूल आपल्याला फेकून द्याव्या लागल्या, असं युसूफ हमीदांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

खरं सांगायचं तर एकटं एझेडटी फार काळ चालतही नव्हतं. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये झालेल्या काँकॉर्ड अभ्यासाचे निष्कर्ष त्याच वर्षी आले, आणि लक्षणं दिसण्याआधीच हे औषध सुरू करून आयुष्य वाढत नाही असं दिसलं. विषाणू हुशार, एका औषधाला चटकन सरावतो. मग १९९६ च्या जुलैत व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिल्यावर रक्तातला विषाणू जवळजवळ दिसेनासा होतो हे मांडलं गेलं. डेव्हिड हो या संशोधकाला टाइम साप्ताहिकानं त्या वर्षाचा मानकरी ठरवलं. काही वर्षं औषध घेतलं की विषाणू शरीरातून कायमचा जाईल, असंही बोललं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी कळलं की तो काही पेशींमध्ये दडून बसतो आणि औषध थांबलं की परत येतो. आजही अडचण तीच आहे.

व्हँकुव्हरची बातमी आमच्या तुर्भ्यात आली नाही. म्हणजे इंग्रजी पेपरांत आली असेल. आमच्याकडे दुसऱ्याच बातम्या येत. घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला हलला होता, न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं होतं, कळंबोलीला लोखंडाचा बाजार, आणि या सगळ्यांना जोडणारे हजारो ट्रक. चालक, क्लीनर, हमाल, आणि त्यांच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या बायका. आजार याच रस्त्यानं फिरत होता आणि इलाजाच्या अफवाही. ढाब्यावर, टायर पंक्चरच्या दुकानात, जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या पायरीवर त्या ऐकू येत. अमक्या शहरात एक हकीमसाहेब आहेत, तीन महिन्यांचा कोर्स, रिपोर्ट निगेटिव्ह करून देतात.

आमच्या गल्लीत एक चालक होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. वजन उतरलं, जुलाब थांबेनात, तेव्हा एका खासगी दवाखान्यानं रक्त तपासलं आणि रिपोर्ट हातात देऊन, पुन्हा इकडे येऊ नका, असं सांगितलं. चाचांनी ट्रकमधला आपला हिस्सा भावाला विकला, चाचींच्या बांगड्या गेल्या, आणि ते कुणीतरी सांगितलेल्या हकिमाकडे गेले. येताना माजूनच्या बरण्या, कुश्त्याच्या पुड्या आणि कसलासा अर्क. चिठ्ठीवर सगळ्यात वर ‘हुवश्शाफी’ लिहिलेलं, म्हणजे शिफा देणारा तोच. चाचांना मी विचारलं होतं, खरंच फरक पडतोय का? म्हणाले, “बेटा, डॉक्टर बोला इलाज नहीं है। इसने बोला, है। तू होता तो किसके पास जाता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चाचा १९९९ मध्ये गेले. गुसल द्यायला दोघांनी नकार दिला. शेवटी आमच्या मशिदीच्या मुअज्जिनसाहेबांनी हातमोजे मागवले, बाह्या वर केल्या आणि एकट्यानं गुसल दिलं. जनाज्याला गर्दी बरी होती. पण कुजबुज होतीच, की हा अजाब आहे, केल्याची सजा. चाचींनाही लागण झाली आहे का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या मुलांना घेऊन गावी गेल्या.

हकिमांचं मी लिहिलं म्हणून कुणी असं समजू नये की हा आपल्याच लोकांचा धंदा होता. १९९० च्या दशकात कोचीचे टी. ए. मजीद आपल्या इम्युनो-क्यूआर या औषधानं एड्स बरा होतो असा दावा करत होते. प्रकरण कोर्टात गेलं. २००६ च्या डिसेंबरमध्ये योगानं एड्स बरा होतो या कथित दाव्यावरून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं बाबा रामदेव यांना नोटीस पाठवली, आणि आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. औषधांच्या नियमांत अनुसूची ‘जे’ नावाची यादी आहे, जे आजार बरे करतो असा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही त्यांची. त्या यादीत एड्स आहे. यादी असूनही माजून विकलं गेलं, कारण समोर दुसरं काही नव्हतं. प्रत्येक आजारावर इलाज उतरवला आहे या अर्थाची हदीस आपण सगळे जाणतो. माझ्या समजुतीनं ती इलाज शोधायला सांगते. माणूस हकिमाच्या दारात पैसे मोजून स्वस्थ बसला तर शोध तिथेच संपतो.

चाचांच्या मौतीनंतर दीडेक वर्षानं मोठी बातमी आली. २८ सप्टेंबर २००० रोजी ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत युसूफ हमीदांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला आठशे डॉलरमध्ये देऊ केला. शिवाय ज्या देशाला स्वतः औषध बनवायचं असेल त्याला तंत्र फुकट, आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरॅपिनही फुकट. कुणी पुढे आलं नाही. मग २००१ च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘सीमेविना डॉक्टर’ या संस्थेला तोच उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केला, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली. बड्या कंपन्यांचा उपचार तेव्हा दहा ते पंधरा हजार डॉलरचा होता. साडेतीनशे डॉलर म्हणजे दिवसाला जेमतेम एक डॉलर, त्या वेळच्या भावानं वर्षाचे सोळा हजार रुपये.

जगभर प्रतिक्रिया उमटल्या. बड्या कंपन्यांकडून ‘चाचेगिरी’ असा शब्द आला. हे लोक आपलं संशोधन लुटतात, असा त्यांचा आरोप. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध एकोणचाळीस कंपन्यांनी खटला भरला होता. रस्त्यावर लोक उतरले आणि १९ एप्रिल २००१ रोजी तो मागे घ्यावा लागला. सिप्लानं त्याच वर्षी तिन्ही औषधं एकाच गोळीत आणली, ट्रायोम्यून, सकाळी एक, संध्याकाळी एक. परदेशात ही तिन्ही औषधं वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेटंटात अडकलेली, त्यामुळे एका गोळीत आणणं तिथे अवघड होतं. या गोळीनं आफ्रिकेत किती माणसं वाचली असतील याचा हिशोब मोठा आहे. तिच्यातलं स्टॅव्हुडिन पुढे त्रासदायक ठरलं हेही सांगायला हवं. गाल बसत, पायांना मुंग्या येत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते हळूहळू बंद करायला सांगितलं.

आणि आपल्याकडे? पेपरांत कौतुक झालं. मुंबईच्या कंपनीनं जगाला दाखवून दिलं, वगैरे. पण ज्या मुंबईत गोळी जन्मली तिथला हमाल ती घेऊ शकत नव्हता. त्याला वर्षाला सोळा हजार कुठून आणायचे? याबद्दल फार कुणी बोललं नाही. आमच्या मोहल्ल्यातही हमीदांचा अभिमान होता, पण पंक्चरच्या दुकानात खोकणाऱ्या पोराला बसायला स्टूल मिळत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत सुखानं नांदत होत्या.

सरकारनं मोफत औषधांची घोषणा केली ती २००३ च्या नोव्हेंबरअखेर, सुषमा स्वराज आरोग्यमंत्री असताना. १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत औषधं मिळू लागली. त्यात मुंबईचं जे. जे. होतं. नवी मुंबई-पनवेलचे रुग्ण हार्बर लाइननं सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जात. लांब जावं लागे, पण काहींना तेच बरं वाटे. जवळच्या रांगेत शेजारी भेटला असता.

या बातमीचा गाजावाजा साडेतीनशे डॉलरच्या मानानं कमी झाला. माझ्या हिशोबी या साऱ्या इतिहासातली आपल्यासाठी सर्वात मोठी बातमी तीच होती. आजार बरा झाला नाही, पण माणसं मरायची थांबली, कामावर परतली. त्यासाठीही आधी एक लढाई झाली होती. विषाणू आहे म्हणून काम नाकारलेल्या एका कामगाराच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये निकाल दिला होता. अंगात काम करायची ताकद असेल तर निव्वळ रिपोर्टवरून काढता येणार नाही, असा. नाव गुप्त ठेवून दाद मागायची परवानगीही त्याला मिळाली. संसदेचा कायदा यायला मात्र २०१७ उजाडलं.

पुढच्या बातम्या भराभर सांगतो. २००५ च्या फेब्रुवारीत पुण्याला भोसरीच्या ‘नारी’ संस्थेत देशातल्या पहिल्या एड्स लसीची माणसांवरची चाचणी सुरू झाली. तीस निरोगी स्वयंसेवक पुढे आले, यालाही धाडस लागतं. लस सुरक्षित ठरली, प्रभाव फिका पडला. मग बर्लिनचा रुग्ण, टिमथी रे ब्राउन. रक्ताच्या कर्करोगासाठी त्याला अस्थिमज्जा बदलावी लागली, दाता असा निवडला की ज्याच्या पेशींत हा विषाणू शिरूच शकत नाही, आणि विषाणू गेला. अशी माणसं जगात अजून मोजकीच आहेत. कर्करोग नसेल तर एवढं जीवघेणं काम कुणी डॉक्टर करणार नाही. तरीही ‘एड्स बरा झाला’ हा मथळा दर वेळी नव्यानं येतो.

आता त्या ग्रुपवरच्या इंजेक्शनाकडे. त्याचं नाव लेनाकॅपाव्हिर. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच्या चाचणीत, ज्या दोन हजारांहून अधिक मुलींना ते दिलं त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. पण ते ज्यांना लागण नाही त्यांच्यासाठी आहे. विषाणू अंगात असलेल्याचा आजार त्यानं जात नाही. अमेरिकेत वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरच्या वर. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून गरीब आणि मध्यम देशांसाठी ते वर्षाला चाळीस डॉलरमध्ये देणार आहेत. पुण्याच्या एमक्युअरलाही परवाना आहे. या वेळी मूळ कंपनीनंच परवाने दिले, कारण २००५ पासून आपला पेटंट कायदा बदलला आहे आणि हमीदांची वाट आता पूर्वीसारखी मोकळी नाही.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की हे प्रतिबंधाचं इंजेक्शन आहे, ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी बंद करू नयेत. धरबंधाची काळजी असलेल्या सद्‌गृहस्थांना लिहिलं की १९९९ मध्ये भीती भरपूर होती, तरी चाचींना कुणी वाचवलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. रात्री मात्र एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. गोळ्या चालू आहेत, २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा झाला तेव्हा महिन्याऐवजी चार-सहा दिवसांच्याच हातात ठेवत होते, तसं परत होणार का, एवढंच विचारलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. त्या वर्षी दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर रुग्ण चाळीसहून अधिक दिवस धरणं धरून बसले होते, ते मी त्यांना कळवलं, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच केंद्रावर जायला सांगितलं.