पडद्यावरचा शून्य किती खरा?

१/७
बुद्धिबळाचा संगणकीय प्रोग्राम एखाद्या स्थितीला शून्य गुण देतो, तेव्हा दोन्ही बाजू समसमान आहेत असे आपण धरून चालतो. पण तो शून्य सिद्ध झालेला आहे की निव्वळ अंदाज? हे पडताळायचे कसे, याचा हा छोटा इतिहास. 🧵

२/७
१९५० साली अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोड्याला प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ गुण होता. मात्र तत्त्वतः प्रत्येक स्थिती जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरीचीच असते, हेही त्यांनी मांडले. गुणांची बेरीज हा त्या सत्याचा केवळ अंदाज.

३/७
हा अंदाज कसा फसतो, ते पाहा. पांढऱ्याकडे राजा व दोन घोडे, काळ्याकडे एकटा राजा. बेरजेनुसार पांढऱ्याची आघाडी ६ गुणांची. प्रत्यक्षात काळ्याने चूक केली नाही, तर मात देताच येत नाही.

४/७
माणसांचेही आडाखे चुकतात. १८५१ मध्ये क्लिंग आणि होरविट्झ यांनी दोन उंटांविरुद्ध एकट्या घोड्याची एक भक्कम बचावरचना दाखवली. पुढे हा अंत्यखेळ सर्वसाधारणपणे बरोबरीचा मानला गेला.

५/७
१९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांच्या संगणकाने उलटी वाट धरली. अंतिम स्थितींपासून एकेक चाल मागे जात त्याने प्रत्येक स्थितीचा निकाल नोंदवला. दोन उंट बहुतेक वेळा जिंकतात. फक्त घोडा टिपायला ६६ चालींपर्यंत झुंजावे लागते! १३२ वर्षांची समजूत कोसळली.

६/७
पण ५० चालींत मोहरा मारला गेला नाही वा प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते. फिडेने काही अंत्यखेळांपुरती ही मर्यादा वाढवली होती. १९९२ पासून ती पुन्हा ५० झाली. म्हणजे पटावरचा सिद्ध विजयही नियमाने बरोबरी ठरू शकतो.

७/७
२०१२ मध्ये मॉस्कोत सात मोहऱ्यांपर्यंतचे (राजे धरून) कोष्टक तयार झाले. प्रोग्रामची खरी परीक्षा इथेच घेता येते: कोष्टक त्याच्यापासून दूर ठेवायचे, त्याला गुण द्यायला लावायचे आणि ते सिद्ध निकालाशी ताडून पाहायचे. पटावर मोहरे याहून अधिक असतील, तर बहुधा अशी उत्तरपत्रिका हाताशी नसते. तिथला शून्य हे जाणकाराचे मत समजावे, न्यायालयाचा निवाडा नव्हे.