पारसिकच्या पायथ्याशी
मुंब्रा-कौसा वस्तीच्या सार्वजनिक जीवनाचा मागोवा

मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने ठाणे सोडले की खाडीचा पूल येतो, मग कळवा मागे पडते आणि थोड्याच वेळात एका अंगाला डोंगराचा काळा कडा तर दुसऱ्या अंगाला खाडीचे पाणी अशी चिंचोळी वाट लागते. गाडीत उभे राहावयास जागा मिळाली तरी अल्लाहचे आभार मानावेत अशी स्थिती असल्याने हे दृश्य पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. परंतु मुंब्रा-कौसा या आपल्या वस्तीचा सारा इतिहास त्या चिंचोळ्या वाटेत सामावलेला आहे. डोंगर, खाडी, लोहमार्ग आणि रस्ता या चौघांनी आपापली जागा घेतल्यावर जी पट्टी उरली तीत माणसे राहिली. आणि माणसांची घरे उभी राहिल्यावर जे काही उरले ते मुलांच्या वाट्याला आले. ते किती उरले, कसे उरले व कोणी राखले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हिंदुस्थानातील पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पण पुढचे वर्ष कोणी सांगत नाही. 1 मे 1854 रोजी हा मार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत नेण्यात आला, आणि त्यासाठी खाडीवर पूल बांधून पारसिकच्या डोंगराच्या टोकाशी दोन बोगदे खोदावे लागले. हिंदुस्थानच्या रेल्वेवरील हे पहिले बोगदे होत. म्हणजे जी गोष्ट इतर शहरे संग्रहालयात ठेवून तिकीट लावून दाखवतील, तिच्यामधून आपली मुले रोज कॉलेजला जातात. पुढे वाहतूक वाढली तेव्हा 1916 मध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा सरळ बोगदा काढण्यात आला. अंतर वाचले, वळण वाचले. पण जलद गाड्यांनी मुंब्र्याला वगळले ते तेव्हापासून. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाल्यावर जलद लोकल पुन्हा मुंब्र्यावरून धावू लागल्या. धावू लागल्या म्हणजे सरसकट थांबू लागल्या, असा अर्थ मात्र वाचकांनी घेऊ नये. 9 जून 2025 रोजी याच स्थानकाजवळच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी गाडीतून खाली पडून मृत्युमुखी पडले. वळणाचे नाव त्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

रेल्वेच्या आधी येथे काय होते? कौसा हे जुने गाव. ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची वस्ती शेकडो वर्षांची आहे. समुद्रमार्गे आलेल्या अरब-इराणी व्यापाऱ्यांशी आपले नाते सांगणारी, घरात कोकणी बोलणारी, भाताची शेती, खाडीतील होड्या आणि व्यापार यांवर जगणारी ही मंडळी. शेजारी आगरी व कोळी समाज. डोंगरावर मुंब्रा देवीचे मंदिर, पायथ्याशी मशीद, आणि दोघांच्या मध्ये भातखाचरे. पावसाळ्यात लावणी आणि हिवाळ्यात कापणी झाली की तीच खाचरे चार-सहा महिने मुलांचे मैदान होत असत. मैदान म्हणून वेगळी जागा राखण्याची गरज त्या गावाला कधी वाटली नाही, कारण सारा गावच मैदान होता. आपल्या पुढच्या अडचणीचे एक मूळ, माझ्या मते, येथे आहे. जे मुबलक असते त्याचा सातबारा कोणी काढून ठेवत नाही.

रस्त्याचेही तसेच. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला होईपर्यंत मुंबईहून पुण्यास जाणारी मोटार ठाण्यावरून, मुंब्रा-कौसा यांच्या ऐन मध्यातून, शिळफाट्यावरून पनवेलला जात असे. पूल झाल्यावर मोटारी कमी झाल्या, ट्रक मात्र राहिले. आणि 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यावर तर अजस्र कंटेनरवाहू गाड्यांची रीघ लागली. डोंगराच्या कडेने बाह्यवळण रस्ता होईपर्यंत ही सारी रहदारी बाजारातून जात असे. शाळा रस्त्याच्या एका बाजूस व घर दुसऱ्या बाजूस असलेल्या आयांना त्या काळात दिवसातून दोनदा जीव मुठीत धरावा लागत असे.

1 ऑक्टोबर 1982 रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि आपली वस्ती तिच्या हद्दीत आली. ग्रामपंचायतीचा दिवा जाऊन महानगराचा दिवा लागला, असे म्हणावयास हरकत नाही. पण तो बराच काळ मिणमिणताच होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने व मुंबईतील जागेचे चढते भाव यांमुळे लोक येऊ लागले होते. अमृतनगर, संजयनगर, गुलाब पार्क ही नावे रुळू लागली होती. तरीही वाढीचा वेग गावाला सोसवेल असा होता.

तो वेग एका हिवाळ्यात बदलला. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मधील मुंबईच्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे, 900 माणसे मारली गेली. ज्यांची घरे जळाली, ज्यांना आपल्या जुन्या चाळीत रात्री झोप येईना, अशी हजारो कुटुंबे मिळेल ते विकून मुंब्र्यास आली. येथे मागणी होती सुरक्षिततेची. सोयींची चौकशी करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. नळाला पाणी येते काय, जिन्यात उजेड आहे काय, इमारतीला परवानगी आहे काय, हे प्रश्न मागाहून सुचले. बिल्डरांनी ही निकड ओळखली. भातखाचरांवर चार मजले, पाच मजले, सात मजले चढले. दोन इमारतींच्या मधून हात बाहेर काढला तर शेजारच्या खिडकीला लागावा अशी बांधणी झाली. याचे भयंकर टोक 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ दिसले. तेथील लकी कंपाउंडमध्ये काही महिन्यांत उभारलेली बेकायदा इमारत कोसळून 70 हून अधिक माणसे गेली. त्यांत मजूर होते, त्यांच्या बायका होत्या आणि लहान मुले होती.

सोयी आल्या त्या एकेक करून, आणि प्रत्येक सोयीमागे अर्ज, मोर्चे व रांगा आहेत. 1989 मध्ये ठाण्याची नगरपरिवहन सेवा सुरू झाली. पाणी मुख्यतः औद्योगिक विकास महामंडळाच्या वाहिनीतून येत राहिले. ज्या मजल्यावर ते चढत नसे तेथे हंडे, पिंपे व टँकर. भारनियमनाच्या वर्षांत दहावी-बारावीच्या मुलांनी मेणबत्तीवर व मशिदीच्या इन्व्हर्टरवर अभ्यास केला. वीजवितरण मार्च 2020 मध्ये खाजगी कंपनीकडे गेले, त्यावर अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ बोलले गेले आहे, येथे त्यात शिरत नाही. शाळांची गोष्ट मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे. 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम आणि 1927 मध्ये भिवंडीत कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी या संस्थांनी जी वाट घालून दिली, तिच्यावर आपल्या वस्तीतही उर्दू, मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळा निघाल्या, कॉलेज निघाले, मुलींच्या शाळा भरून गेल्या. वर्ग दोन पाळ्यांत भरू लागले. पण शाळेची इमारत उभी करताना पटांगणाचा बळी गेला. ज्या प्लॉटवर इमारत व पटांगण दोन्ही व्हावयाचे, तेथे नुसती इमारत झाली, कारण दाराशी प्रवेशासाठी उभ्या असलेल्या पालकास ‘पटांगण ठेवले म्हणून जागा नाही’ असे सांगण्याचे धैर्य कोणत्या मुख्याध्यापकात असणार?

केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दर माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. पालकांनी हा हिशेब घरी करून पाहावा. पाच माणसांच्या कुटुंबाच्या वाट्यास 50 ते 60 चौरस मीटर येतात. आपल्यापैकी बहुतेकांचे घरही तेवढे नसते.

खेळाची आवड आपल्या समाजाला नवी नाही. मुंबईच्या मैदानावरील तिरंगी सामन्यांत 1912 साली मुस्लिम संघ उतरला आणि ते सामने चौरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत 1946 मध्ये बंद झाली ते उत्तमच झाले, पण त्या निमित्ताने कोकणातील घराघरांत बॅट पोहोचली. रत्नागिरी जिल्ह्यातील कालुस्ते गावचा गुलाम परकार 1982 मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारताकडून कसोटी खेळला. अंजुमनच्या शाळेतून आलेला वसीम जाफर 31 कसोटी खेळला. अशी नावे ऐकून आपली मुले गल्लीत चेंडू मारतात आणि खिडकीची काच फुटली की पळ काढतात. काच मालकाची, चेंडू मुलाचा आणि जागा महापालिकेची, असा हा त्रिपक्षीय वाद प्रत्येक मोहल्ल्यात रोज संध्याकाळी ऐकावयास मिळतो.

कौसा येथील मौलाना अबुल कलाम आझाद क्रीडासंकुल झाले तेव्हा हा ताण थोडा हलका झाला. गेल्या काही वर्षांत जाळी लावलेली, हिरव्या कृत्रिम गवताची ‘टर्फ’ मैदानेही निघाली आहेत. तेथे तासावर पैसे मोजून खेळावे लागते. दहा मुलांनी वर्गणी काढून एक तास घ्यावा आणि त्यातील पंधरा मिनिटे संघ निवडण्यात घालवावीत, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. ज्याच्या खिशात वर्गणी नाही तो जाळीबाहेर उभा राहून चेंडू आणून देतो. त्याच्याकडे आपले लक्ष जाते काय?

या साऱ्यात मुली कोठे होत्या? खरे सांगावयाचे तर घरात होत्या. भातखाचरांच्या काळी त्या निदान लावणीला व विहिरीवर जात. इमारतींच्या काळात शाळा व घर एवढीच त्यांची सृष्टी उरली. मैदान म्हणजे मुलग्यांचे, हे इतके गृहीत होते की त्यावर कोणी वादही घातला नाही. 2012 च्या सुमारास ‘परचम’ नावाच्या गटाने मुंब्र्यात मुलींचा फुटबॉल सुरू केला तेव्हा प्रथम तो वाद झाला. मुलींनी बुरखा, हिजाब, ट्रॅकसूट जे ज्यांना योग्य वाटले ते घालून खेळावे. मुसलमान मुलींबरोबर इतर समाजांच्या मुलीही खेळाव्यात, अशी ती रीत होती. त्यांनी घरोघर जाऊन आयांशी बोलणी केली, सह्या गोळा केल्या आणि मुलींना खेळावयास मैदान द्या अशी मागणी केली. काही बुजुर्गांनी नाके मुरडली. अशांपैकी काहींच्या नाती पुढे त्याच मैदानावर दिसल्या असतील तर नवल नाही. मला या प्रसंगाचे महत्त्व फुटबॉलपुरते वाटत नाही. आपल्या वस्तीत मोकळ्या जागेची मागणी लेखी स्वरूपात, सह्यांनिशी, मुलींनी केली. बापांनी व भावांनी ती आधी कधी केली नव्हती.

डोंगर व खाडी ही तर बिनपैशाची मैदाने. पावसाळ्यात पारसिकच्या अंगावरून पांढरे धबधबे उतरतात आणि मुलांच्या टोळ्या वर चढतात. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरल्याच्या बातम्याही दर जुलैत येतात, मग पोलीस बंदी घालतात, मग मुले चोरवाटेने जातात. डोंगर चढावा कसा, पाण्याचा लोंढा कधी वाढतो, दोरी कशी बांधावी, हे शिकवणारा एकही वर्ग आपल्याकडे नियमित चालत नाही. खाडीची कथा वेगळी. रेतीबंदरावर वर्षानुवर्षे होड्यांतून रेती उतरत असे, त्यावर शेकडो घरे चालत. पुढे न्यायालयांचे निर्बंध आले आणि तो धंदा आटला. जुन्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक मुलगा खाडीत पोहावयास शिकला होता. आजच्या मुलाला पाण्याची भीती वाटते व त्याच्या आईला त्याहून अधिक. आणि कारखान्यांचे व गटारांचे पाणी पाहता तिचे चुकते असे म्हणवत नाही.

संध्याकाळी अस्रच्या नमाजनंतर रेतीबंदरच्या बाजूस गेल्यास वृद्ध मंडळी कठड्यावर बसलेली आढळतात. यांतील पुष्कळ जण 1993 मध्ये दोन ट्रंका घेऊन येथे उतरलेले आहेत. डोंगराच्या टोकाशी बोगद्यातून गाडी बाहेर पडते, तिचे दिवे पाण्यावर हलतात, आणि कोणी तरी सहज म्हणते की ही धीमी, आपली पोरे हिच्यात असतील. मग सगळे उठून स्थानकाच्या दिशेने चालू लागतात.