साबरमतीकांठचें उघडें काँक्रीट

अहमदाबाद म्हटलें कीं दगडी जाळ्यांच्या मशिदी, पोळांतील कोरीव लांकडी घरें आणि गिरण्यांचीं धुराडीं हीं तीन चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. शहर पाहावयास गेलेला प्रवासी सिदी सय्यदची जाळी पाहतो, एखाद्या पोळींत शिरून वाट चुकतो, संध्याकाळीं आश्रमांत जाऊन येतो, आणि अहमदाबाद पाहून झालें असें समजतो. वास्तविक ज्या रस्त्यानें तो आश्रमाकडे जातो त्याच रस्त्याच्या कडेनें, नदीच्या पश्चिम तीरावर, विसाव्या शतकांतील वास्तुकलेचा एक संग्रहच उघड्यावर मांडून ठेविलेला आहे. मात्र तो मोटारींतून दिसत नाहीं. त्यासाठीं पायींच निघालें पाहिजे, आणि तेंहि सकाळच्या प्रहरीं. या इमारती उन्हाचा विचार करून, किंबहुना उन्हाशीं तंटा करून, बांधलेल्या आहेत. ऊन सरकूं लागलें म्हणजेच त्यांचा अर्थ कळूं लागतो.

आरंभ साबरमती आश्रमापासूनच करावा. गांधीजी १९१८ पासून १९३० पर्यंत ज्या घरांत राहिले तें हृदयकुंज म्हणजे एक बसकें, कौलारू घर. त्याच्या शेजारीं स्मारक-संग्रहालय उभारावयाचें ही शिल्पज्ञाची कसोटीच होती. भव्य घुमट चढविला तर गांधीजींचा उपहास. झोंपडीची नक्कल केली तर तेंहि सोंगच. १९५८ सालीं हें काम चार्ल्स कोरिया या तरुणाकडे आलें. घराणें गोव्याचें, जन्म सिकंदराबादचा, शिक्षण मुंबईंत व अमेरिकेंत, आणि वय तिशीच्याहि आंत. त्यांनीं सहा मीटर लांबीरुंदीचा एक चौरस घेतला. चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर काँक्रीटच्या तुळया, त्यांवर कौलें. हाच चौरस पुन्हां पुन्हां मांडीत ते गेले. कांहीं चौरसांना भिंती आहेत, कांहीं नुसतेच उघडे आहेत, मध्यें पाण्याचें कुंड आहे. खिडक्यांना कांच नाहीं, लांकडी झडपा आहेत. तुळया पन्हळीच्या आकाराच्या असल्यामुळें छपरावरचें पावसाचें पाणी त्यांतूनच वाहून जातें. म्हणजे जी भार वाहते तीच पाणीहि वाहते. १० मे १९६३ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें संग्रहालयाचें उद्घाटन झालें. भव्य दर्शनी भाग असा या वास्तूला नाहींच. दारापुढें थबकून आदरानें मान वर करण्याची सोयच ठेविलेली नाहीं. पाहणारा चालतां चालतां केव्हां आंत आला हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं.

येथून दक्षिणेस पालडीपर्यंतची वाट सुमारें सहा-सात किलोमीटरांची आहे. रस्ता रुंद, रहदारी बेसुमार, आणि सावली बेताचीच. या रस्त्यानें चालणाऱ्याच्या मनांत प्रथम हाच प्रश्न येतो कीं, इतक्या उन्हाच्या गांवीं काँक्रीटचीं घरें बांधण्याची बुद्धि कोणास झाली असेल?

ती झाली गिरणीमालकांना. १८६१ सालीं रणछोडलाल छोटालाल यांनीं येथें पहिली कापडाची गिरणी चालविली, आणि पुढील पाऊणशें वर्षांत अहमदाबाद हें पूर्वेचें मँचेस्टर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. या धनिकांचा एक विशेष असा कीं, त्यांच्यापाशीं पैसा होता तशी नव्याची हौसहि होती. १९५१ सालीं ल कॉर्बुझिये हा जगद्विख्यात शिल्पकार चंदिगडच्या कामासाठीं भारतांत आला, तेव्हां या मंडळींनीं त्याला आपल्या गांवीं बोलावून घेतलें. महापौर चिनुभाई चिमणभाई यांच्या पुढाकारानें नगरपालिकेचें संग्रहालय, गिरणीमालक संघाची कचेरी, आणि खाजगी घरें अशीं कामें त्याच्याकडे सोंपविण्यांत आलीं. त्यांतील चार वास्तु प्रत्यक्षांत उतरल्या. सरकारी आज्ञेनें नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या आवडीनें एका शहरानें असा पाहुणा बोलवावा, ही गोष्ट आपल्या देशांत विरळाच. त्या चारांपैकीं दोन घरें सारभाई व शोधन या कुटुंबांचीं. तीं खाजगी आहेत. त्यांच्या फाटकापाशीं उगीच रेंगाळूं नये.

गिरणीमालक संघाची इमारत मात्र रस्त्यावरच उभी आहे. ती १९५४ सालीं पुरी झाली. रस्त्याकडील तोंड पश्चिमेस. अहमदाबादेंत पश्चिमेचें ऊन म्हणजे काय हें ज्यानें वैशाखांत तेथें एक दुपार काढली आहे त्यास सांगावयास नको. म्हणून या बाजूला भिंतच नाहीं. तिच्या जागीं काँक्रीटच्या उभ्या, जाड पाकळ्या तिरक्या बसविलेल्या आहेत. चालणाऱ्याला येथें एक गंमत दिसते. एका बाजूनें जवळ यावें तों इमारत भिंतीसारखी बंद वाटते. चार पावलें पुढें जावें तों पाकळ्यांमधील फटी एकेक करून उघडतात, आंतील सावली, जिना, झाडें डोकावूं लागतात. वाहनांतून जाणाऱ्याला हें उघडणें-मिटणें दिसण्यास वेळच मिळत नाहीं. मागच्या, म्हणजे नदीकडील बाजूला याच पाकळ्या सरळ आहेत, कारण तिकडून ऊन सकाळचें आणि वारा हवाहवासा. दक्षिण व उत्तर या बाजू बहुतेक बंद विटांच्या भिंतींच्या. रस्त्यावरून एक लांब चढती वाट पाहुण्याला हळूहळू वर नेऊन पहिल्या मजल्यावर सोडते. जिन्यानें गेलें तर मनुष्य पायऱ्या मोजतो. चढावरून गेलें म्हणजे तो आजूबाजूस पाहतो. सर्वांत वर सभेचें दालन आहे. बाहेरची सारी इमारत काटकोनांची, आणि हें दालन मात्र शिंपल्यासारखें वळत गेलेलें.

या काँक्रीटला गिलावा नाहीं, रंग नाहीं. सांचा म्हणून बसविलेल्या फळ्यांच्या रेघा, लांकडाच्या गांठी, दोन फळ्यांमधील सांधे, हें सारें तसेंच उमटूं दिलें आहे. फ्रेंच भाषेंत अशा कच्च्या काँक्रीटला ‘बेताँ ब्र्यूत’ म्हणतात, आणि ‘ब्रूटलिझम’ या नांवाची जोड बहुधा याच शब्दाशीं लावण्यांत येते. नांव ऐकून कांहीं रानटी, क्रूर असें असावें असा समज होतो. तो चुकीचा आहे. घाटावरच्या दगडी वाड्याला गिलावा नसतो म्हणून त्यास कोणी क्रूर म्हणत नाहीं.

मागच्या सज्जांतून पूर्वी नदी दिसे. वाळूच्या पात्रांत रंगारी धुतलेलें कापड वाळत घालीत, गुरें पाण्यांत उतरत; ज्या धंद्याच्या जिवावर ही कचेरी उभी राहिली तोच धंदा तिच्या पायाशीं चाललेला असे, आणि कॉर्बुझियेनें इमारतीचें तोंड जसें रस्त्याकडे तसेंच मुद्दाम नदीकडेहि ठेविलें होतें. आज तें दृश्य नाहीं. २००५ सालीं नदीकांठ बांधून काढण्याचें काम सुरू झालें, २०१२ पासून लोक त्या बांधीव कांठावर फिरावयास येऊं लागले, आणि वाळूच्या जागीं नर्मदेचें पाणी भरलेलें असतें. त्याआधींच, विशेषतः १९८० नंतर, एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. मालकांची सभा भरविण्यासाठीं बांधलेलें दालन उरलें, पण त्या सभेंत बसणारा वर्ग आतां त्या रूपांत उरला नाहीं.

अहमदाबादच्या या कथेंत परदेशी पाहुण्यांचाच गवगवा फार होतो. प्रत्यक्षांत गिरणीमालकांच्या वस्त्र-संशोधन संस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची, आधुनिक पद्धतीची इमारत बांधली ती अच्युत कानविंदे यांनीं. हे कोंकणांतील आचऱ्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून पुढें ते अमेरिकेंत वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखालीं तयार झाले, आणि कॉर्बुझियेच्या इमारती पुऱ्या होण्याच्या सुमारासच त्यांचें हें काम उभें होतें. बाळकृष्ण दोशी हे गुजराथी कुटुंबांतले खरे, परंतु जन्म १९२७ चा पुण्याचा आणि शाळा तीच जे. जे. पॅरिसला कॉर्बुझियेच्या कचेरींत तीन-चार वर्षें राबून १९५४ सालीं ते त्याच्या कामांवर देखरेख करावयास अहमदाबादेस आले, आणि २०२३ सालीं वारले तेहि याच गांवीं. गुरूकडून घ्यावयाचें तें घेऊन त्यांनीं पुढें आपली वेगळी वाट काढली, हें त्यांनीं १९६२ सालीं स्थापन केलेल्या वास्तुकला-विद्यालयाच्या विटांच्या भिंतींत स्पष्ट दिसतें.

पालडीला पोंचल्यावर संस्कार केंद्र लागतें. त्याची कोनशिला ९ एप्रिल १९५४ रोजीं बसविण्यांत आली. विटांची एक प्रचंड चौकोनी पेटी काँक्रीटच्या खांबांवर अधांतरीं उचललेली. खालून सावलींत शिरावें, मधल्या उघड्या चौकांत यावें, आणि तेथून चढावरून वर जावें, अशी योजना. गच्चीवर पाण्याचे हौद करून त्यांत वनस्पति लावावयाच्या आणि त्या गारव्यानें खालचीं दालनें थंड राखावयाचीं, असा मूळ बेत होता. तो मनाजोगा कधींच सिद्धीस गेला नाहीं. पतंगांचें संग्रहालय येथें आलें, पण ज्या विश्वासानें ही पेटी उचलली होती तितका जिव्हाळा तिच्या वांट्यास आला नाहीं. कच्च्या काँक्रीटचा शत्रु पाणी. बारीक भेगेंतून तें आंतल्या सळईपर्यंत जातें, सळई गंजून फुगते, आणि फुगली कीं वरचा थर ढलप्या होऊन गळून पडतो. हें एका दिवसांत होत नाहीं, म्हणूनच तें वेळींच कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. शेजारींच दोशींचें टागोर सभागृह आहे; त्याच्या भिंती कागदाच्या घडीप्रमाणें दुमडत गेलेल्या आहेत. नुसत्या घडीमुळें पातळ भिंतीला बळ येतें, हें महेंद्र राज या अभियंत्याचें गणित.

पायीं फिरणारा येथें बहुधा थकून थांबतो. परंतु वस्त्रापूरला गेल्यावांचून ही कथा पुरी होत नाहीं. तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचें काम १९६२ सालीं विक्रम सारभाई, कस्तुरभाई लालभाई व दोशी यांच्या खटपटीनें लुई कान या अमेरिकन शिल्पज्ञाकडे आलें. त्यानें काँक्रीट मागें सारून वीट पुढें घेतली. मोठमोठ्या कमानी, वाटोळीं भोंकें, आणि खोल सावलीचे सोपे. १९७४ सालच्या मार्चांत अहमदाबादेहून परततांना न्यूयॉर्कच्या रेल्वे-स्थानकांत त्याला मृत्यूनें गांठलें. राहिलेलें काम पुढें नेलें तें अनंत राजे यांनीं. हेहि मुंबईचे, जे. जे. चेच.

याच संस्थेनें आपल्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार इतक्या नेटकेपणानें करविला कीं २०१९ सालीं त्यास युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. आणि याच संस्थेनें २०२० च्या डिसेंबरांत अठरांपैकीं चौदा वसतिगृहें पाडण्याचें ठरविलें. जगभरांतून निषेध झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजीं तो ठराव मागें घेतला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत पुनर्बांधणीच करावयाची असें पुन्हां जाहीर केलें. संस्थेचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. २००१ च्या भूकंपानें भिंतींना तडे गेले, विटा झिजल्या, छतें गळूं लागलीं, आणि त्यांच्याखालीं विद्यार्थी निजतात. परंतु ग्रंथालयाची वीट वांचविण्याचें ज्ञान ज्यांच्यापाशीं होतें त्यांनीं वसतिगृहाच्या विटेपुढें हात टेकावे, हें मनास पटणें कठीण जातें.

अशा वास्तूंना कायद्याचा आधारहि नाहीं. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणें संरक्षणास पात्र ठरावयास वास्तु शंभर वर्षांची असावी लागते. दिल्लीच्या प्रगति मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स ही राज रेवाल यांची, आणि त्याच महेंद्र राज यांच्या गणितानें उभी राहिलेली, १९७२ ची इमारत २०१७ च्या एप्रिलांत पाडण्यांत आली, ती साठ वर्षांची झाली नव्हती याच सबबीवर. अहमदाबादची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक. २०१६ सालीं युनेस्कोनें कॉर्बुझियेच्या सात देशांतील सतरा कृति जागतिक वारशांत घेतल्या; त्यांत चंदिगड आहे, अहमदाबाद नाहीं. पुढच्याच वर्षीं अहमदाबाद हें भारतांतील पहिलें वारसा-शहर ठरलें. पण तो मान तटाच्या आंतील जुन्या शहराचा, म्हणजे नदीच्या पूर्वेचा. दोन्ही याद्या या तीराच्या अगदीं जवळून निघून गेल्या.

गिरणीमालक संघाच्या इमारतीला आणि संस्कार केंद्राच्या कोनशिलेला कायद्याचीं शंभर वर्षें पुरीं होतील तीं २०५४ सालीं.