सूत्रे विद्यार्थ्यांच्या हाती : सामूहिक कार्याच्या शिक्षणाचा एक मागोवा

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक स्मरणग्रंथात विद्यार्थ्यांच्या सामूहिक कार्याविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या बडोदे संस्थानाच्या इतिहासातच आहे. ग्रंथालय ही सुद्धा एक सामूहिक योजना असते. ती कोणीतरी आखावी लागते, तिच्यासाठी दारोदार फिरावे लागते, पैपैचा हिशेब ठेवावा लागतो आणि पुढच्या पिढीतील कोणाच्या तरी हाती ती सोपवावी लागते. हे कौशल्य तरुणांना कसे शिकविले गेले, आणि कोठे शिकवायचे राहून गेले, याचा हा थोडक्यात मागोवा आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले व ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले, हे आपण सारे जाणतो. त्या योजनेतील एक अट मात्र विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गावास वाचनालय हवे असेल, तर खर्चाचा एक हिस्सा गावकऱ्यांनी आधी जमवायचा. मग तेवढाच हिस्सा प्रांत पंचायत व तेवढाच सरकार देई. वाचनालय दरबारच्या कृपेने मिळत नसे, ते गावाला मागून घ्यावे लागे. त्याकरिता गावात चार माणसे एकत्र यावी लागत आणि वर्गणीची वही उघडावी लागे. या कार्यात मोतीभाई अमीन यांचे नाव आदराने घेतले जाते. ते मूळचे शिक्षक. पेटलादला त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविले आणि मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले. संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात ते आले, ते हा अनुभव गाठीशी घेऊनच. विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि सार्वजनिक वाचनालय या दोन संस्था आपल्याकडे अशा हातात हात घालून वाढल्या आहेत.

याच सुमारास दक्षिण महाराष्ट्रात दुसरा प्रयोग आकार घेत होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास भेट दिली. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहत व एका पंक्तीत जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तेथील दिनक्रमाचे. स्वयंपाक, झाडलोट, शेतातील श्रम ही कामे मुलेच करीत. एवढ्या मुलांची भाकरी वेळेवर व्हायची, तर पीठ किती लागेल, पाळी कोणाची, आजारी मुलाच्या जागी कोण, हे कोणास तरी आदल्या दिवशीच ठरवावे लागे. नियोजन हा शब्दही कानी न पडता मुले नियोजन शिकत होती. आणि ते चुकले, तर त्याची शिक्षा म्हणजे सर्वांची रिकामी ताटे! १९४० साली साताऱ्यात सुरू झालेल्या रयतच्या विद्यालयास महाराजा सयाजीराव हे नाव दिले गेले, ही गोष्ट बडोदेकरांस अभिमानास्पद आहे. पुढे १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने हीच परंपरा उच्च शिक्षणात नेली.

स्वातंत्र्यानंतर हा विचार शासनाच्या विचारकक्षेत आला. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली. खर्च व व्यवस्था यांच्या अडचणींमुळे ती अमलात आली नाही. त्यानंतर प्रा. सैयदैन यांनी अन्य देशांतील पद्धतींचा अभ्यास करून ही सेवा ऐच्छिक असावी, असे सुचविले. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या हस्ते ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. दोन वर्षांत २४० तासांची सेवा व निवडलेल्या गावी सात दिवसांचे विशेष शिबिर, असे तिचे स्वरूप आज सर्वपरिचित आहे. १९७२च्या भीषण दुष्काळानंतर १९७३ साली ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या सूत्राभोवती देशभर शिबिरे झाली. त्यांतून एक पिढी खेड्याच्या वाटेला लागली, हे या योजनेचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि विस्ताराबरोबर एक उणीवही शिरली. गाव प्राध्यापकांनी ठरवायचे, काम प्राध्यापकांनी ठरवायचे, खर्चाचे कागद त्यांनीच रंगवायचे आणि विद्यार्थ्यांनी पाट्या वाहायच्या, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. हा दोष प्रस्तुत लेखकाच्याही हातून घडला आहे. शिबिराची जबाबदारी प्रथमच अंगावर आली, त्या वर्षी एका गावाचा वस्तीकडे जाणारा रस्ता करावयाचे मी परस्पर ठरविले. मुलांनी सात दिवस घाम गाळला. समारोपाला भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला. दुसऱ्या वर्षी त्याच गावी जाण्याचा आग्रह मुलांनीच धरला. शिबिराच्या महिनाभर आधी त्यांच्यातील पाच जण दोन दिवस गावात राहून आले. एका वृद्ध बाईंनी त्यांना पाणी नेमके कोठून येते ते शेतात नेऊन दाखविले. “तुमच्या गुरुजींनी विचारलं असतं, तर गेल्या सालीच सांगितलं असतं,” असे त्या म्हणाल्याचे मुलांनी मला हसत हसत सांगितले. त्या वर्षी रस्ता थोडाच झाला, पण त्याखाली मोरी झाली. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब एका विद्यार्थिनीने ठेवला व शेवटच्या दिवशी गावकऱ्यांसमोर तो वाचून दाखविला. तो रस्ता टिकला.

विद्यार्थ्यांना नेतृत्व शिकवावयाचे म्हणजे काय, याचे उत्तर मला त्या मोरीने दिले. आधी विचारावे, मग ठरवावे. झेपेल तेवढेच काम घ्यावे. प्रत्येक कामापुढे एक नाव व एक दिवस लिहावा. पैशाची वही सर्वांसाठी उघडी ठेवावी. आणि काम संपल्यावर एकत्र बसून काय चुकले ते निर्भयपणे बोलावे. यांपैकी एकही गोष्ट व्याख्यानाने शिकविता येत नाही. शिक्षकाने एक पाऊल मागे सरावे लागते व लहानसहान चुका होऊ द्याव्या लागतात. पुढाऱ्याचा बिल्ला छातीवर लावल्याने पुढारी तयार होत नाही. वही हाती दिल्याने होतो. बडोद्याची ‘आधी तुमचा हिस्सा’ ही अट आणि साताऱ्याची भाकरीची पाळी यांमागील तत्त्व हेच होते.

आपल्या ग्रंथालयासही हा विचार लागू आहे. शतकापूर्वी ज्यांनी अशी ग्रंथालये उभारली, त्यांच्यात तरुणांचा भरणा मोठा होता. आज बहुतेक मराठी ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत पांढऱ्या केसांची संख्या वाढत आहे आणि ‘मुले येत नाहीत’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. मुलांना आपण सतरंज्या घालावयास बोलावतो की कार्यक्रम आखावयास, हे एकदा स्वतःला विचारावयास हवे. पुढील वर्षीच्या एखाद्या व्याख्यानमालेची, बालविभागाची वा ग्रंथप्रदर्शनाची सारी सूत्रे, वर्गणीच्या वहीसकट, दहा विद्यार्थ्यांच्या हाती देऊन पाहावीत. थोडे चुकेल, थोडे राहून जाईल. पण दुसऱ्या शतकात या संस्थेची वही लिहिणारा हात त्यांच्यातूनच मिळेल.